कोल्हापूर: मैदान धरून पाहावं असं गाव

कुस्तीचं मोठं मैदान किंवा फुटबॉलचा अंतिम सामना पाहायला बाहेरगावाहून कोल्हापूरला येणारे बरेच जण एक ठरलेली फेरी मारतात. सकाळी उतरायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, रंकाळ्यावर फोटो काढायचा, दुपारी मटणाचं ताट जेवायचं, संध्याकाळी सामना पाहायचा आणि रात्रीची गाडी पकडायची. या फेरीत गावाच्या सगळ्या खुणा पाहून होतात, गाव मात्र राहून जातं. इथला खेळ, इथलं खाणं आणि इथल्या पेठा एकाच आश्रयाखाली वाढल्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना बळ दिलं, पैलवानांना खुराक दिला, मैदान बांधलं. ते सगळं आजही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणून आधी मैदान गाठा आणि मग त्याच्याभोवती पायी फिरत गाव पाहा. एक रात्र मुक्काम ठेवलात तर पुढचं सगळं आरामात जमेल.

कधी यावं

जानेवारी-फेब्रुवारीसारखा काळ नाही. सुगी आटोपलेली असते आणि आसपासच्या गावांच्या जत्रा-यात्रांत कुस्तीची मैदानं भरू लागतात. शहरात फुटबॉलचा हंगाम रंगात आलेला असतो. शिवारात ऊसतोड चालू असते, त्यामुळे गुऱ्हाळं पेटलेली असतात. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत पोहोचतात. नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेलाही हा सोहळा असतो.

नवरात्र, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या या काळात खोली मिळणं कठीण जातं. सामना अशा दिवसांत असेल तर राहण्याची सोय आधी करा, तिकिटाचं मग पाहा.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी कोल्हापुरात पोहोचते, म्हणजे पहिला दिवस पूर्ण हाताशी राहतो. पुण्याहून गाडीने येणार असाल तर साधारण २३० किलोमीटरचा रस्ता आहे आणि वाटेत कराड लागतं. कराडला लागूनच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. त्यांना हेलसिंकीला पाठवता यावं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. कुस्तीवर प्रेम असणाऱ्याने कोल्हापूरच्या वाटेवर गोळेश्वरला थांबून पुढे जावं.

मुक्काम कुठे करावा

स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळजवळ आहेत आणि त्या भागात लॉजची कमी नाही. तरी जमलं तर भवानी मंडप, बिंदू चौक, मिरजकर तिकटी किंवा महाद्वार रोड या पट्ट्यात खोली बघा. तिथून अंबाबाई, खासबागचं कुस्ती मैदान आणि फुटबॉलचं शाहू स्टेडियम तिन्ही ठिकाणी चालत जाता येतं. या पेठांतले रस्ते अरुंद आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यात तासभर सहज जातो. स्वतःची गाडी असेल तर ती बिंदू चौकातल्या वाहनतळावर ठेवा आणि विसरून जा. लांब जायचं तेव्हा रिक्षा किंवा केएमटीची बस आहेच.

खासबागेत बसताना

१९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. परत आल्यावर तशाच धर्तीचं कुस्तीचं मैदान बांधायचं त्यांनी मनावर घेतलं. १९०७ ला काम सुरू झालं आणि १९१२ ला मैदान उभं राहिलं. जमीन खोल नेऊन भोवती उतरत्या पायऱ्या केल्या आणि मधोमध आखाडा उंचावर ठेवला. त्यामुळे अगदी शेवटच्या पायरीवर बसलेल्यालाही डाव स्पष्ट दिसतो. पुढची जागा मिळाली नाही म्हणून हिरमुसू नका. उलट वरच्या पायऱ्यांवरून दोन्ही पैलवानांच्या पायांची ठेवण अधिक चांगली कळते.

डोक्यावर छप्पर नाही, हे लक्षात ठेवून या. टोपी, पाण्याची बाटली आणि पायरीवर अंथरायला एखादा पंचा बरोबर असू द्या. मैदान दुपारी सुरू होतं. आधी लहान मुलांच्या कुस्त्या, मग चढत्या क्रमाने वरच्या नंबरच्या जोड्या आणि पहिल्या नंबरची कुस्ती सगळ्यांत शेवटी, बहुधा दिवे लागल्यावर. नवखा प्रेक्षक ती शेवटची कुस्ती गाठण्याच्या हिशेबाने उशिरा येतो आणि मैदानाचा अर्धा आनंद घालवतो. बारक्या पोरांच्या कुस्त्यांत डाव उघडे दिसतात. ढाक, घिस्सा, एकचाक, मोळी असे शब्द शेजारचा म्हातारा बोलत असतो आणि समोर तोच डाव पडत असतो. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्या म्हाताऱ्याला ‘मामा, हा कोणता डाव?’ एवढं विचारा. पुढची सगळी संध्याकाळ तो तुम्हाला समजावून सांगेल.

कुस्ती टीव्हीवरच पाहिली असेल तर एक फरक ध्यानात घ्या. ऑलिंपिक कुस्ती मॅटवर होते आणि बहुतेक वेळा गुणांवर सुटते. मातीतल्या मैदानात पाठ टेकवून चितपट करण्याला मान आहे. त्यामुळे काही वेळ नुसती खडाखडी चालते, हात हातात आणि डोकं डोक्याला लागलेलं. कंटाळून उठू नका. हलगीचा ठेका बदलला की समजावं, मैदानाला काहीतरी घडणार असल्याची चाहूल लागली आहे. निकाल लागला की पैलवान मैदानाला फेरी मारतो आणि लोक खुशीने त्याच्या हातावर बक्षीस ठेवतात. तुम्हाला कुस्ती आवडली असेल तर तुम्हीही ठेवा. त्यासाठी खिशात सुटे पैसे असू द्या.

मैदानाला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. तेही शाहू महाराजांच्याच काळातलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडलं आणि ती रात्र कोल्हापूरकरांना फार लागली. एका भिंतीच्या अल्याड कुस्ती आणि पल्याड नाटक, असा शेजार या राजाने मुद्दाम घडवला होता. मैदानात शिरण्याआधी क्षणभर थांबून तो पाहा.

तालीम पाहायची असेल तर

मैदानातली कुस्ती काही मिनिटांत संपते, तिच्यामागची वर्षं तालमीत जातात. भवानी मंडपाजवळची मोतीबाग, गंगावेशीतली गंगावेश आणि शाहूपुरी या तालमींची नावं कुस्ती पाहणाऱ्याला माहीत असतातच. हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांनी मोतीबागेत अनेक मल्ल घडवले. २०२३ चा महाराष्ट्र केसरी सिकंदर शेख गंगावेश तालमीत तयार झाला. पहिला हिंदकेसरी हा मान १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळेंनी मिळवला, तेही याच मातीत घडले.

सराव पहाटे आणि दुपारनंतर असा दोन वेळा चालतो. पाहायला जाता येतं, पण ती पोरांची राहण्याची, शिकण्याची आणि देवाची जागा आहे, हे मनात ठेवून जा. आत जाण्याआधी वस्तादांना विचारा. चपला बाहेर काढा. आखाड्याच्या हौद्यातल्या मातीत परवानगीशिवाय पाय ठेवू नका. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती माती मऊ राखलेली असते आणि पैलवान ती कपाळाला लावून आत उतरतो. फोटो काढायचा असेल तर तोही विचारून. महिलांना आत येण्याबाबत प्रत्येक तालमीचा रिवाज वेगळा आहे, त्यामुळे आधी चौकशी करून गेलेलं बरं.

सराव पाहून झाला की गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी असते, धार काढली जाते आणि फेसाळलेला ग्लास हातात येतो. धारोष्ण दूध कोमटच असतं. सवय नसेल तर अर्धा ग्लास घ्या. तिथून पंचगंगेचा घाट जवळ आहे, पहाटेचा फेरफटका तिथे पुरा करता येईल.

फुटबॉलसाठी आला असाल तर

बाहेरच्यांना नवल वाटतं, पण कोल्हापुरात फुटबॉलचं वेड कुस्तीइतकंच खोल आहे. इथले बहुतेक संघ तालमी आणि तरुण मंडळांतून उभे राहिले: पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की दुपारपासूनच लोकांची पावलं राजर्षी शाहू स्टेडियमकडे वळतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि त्यानंतरच्या बाद फेरीच्या स्पर्धा हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

प्रत्येक संघाचे समर्थक आपापल्या ठरलेल्या बाजूला बसतात. पाहुण्याने आधी चौकशी करावी आणि मुख्य गॅलरीत किंवा दोन्ही गटांपासून बाजूला बसावं. कोणत्याही संघाच्या रंगाचा शर्ट अजाणता घालू नका. इथे लोक ईर्ष्येने पाहतात. तुम्ही लांबून आलात हे कळलं की शेजारचा स्वतःहून संघाचा इतिहास सांगायला लागतो, तो शांतपणे ऐका.

स्थानिक वर्तमानपत्रांत उद्याचे सामने आणि गावोगावची कुस्ती मैदानं छापून येतात. सकाळी चहाबरोबर क्रीडा पान बघायची सवय ठेवा. एखाद्या खेड्यातल्या जत्रेचं मैदान जवळपास असेल तर तेही गाठा. खासबागेइतकंच ते मनात राहील.

सकाळ मिसळीची

कोल्हापूरची मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, चोरगे, खासबाग मिसळ ही नावं कुणालाही विचारा, प्रत्येकाची आवड वेगळी आणि प्रत्येक जण आपल्या मतावर ठाम. दुपारी जाल तर कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, संपलेला असू शकतो, म्हणून नऊच्या आत पोहोचा.

इथे मिसळीबरोबर बहुधा स्लाइस ब्रेड मिळतो. मटकी, बटाट्याची भाजी आणि शेव-चिवड्यावर कट ओततात आणि तो पुन्हा मागता येतो. तिखट सोसत नसेल तर कट कमी घ्या आणि दही मागा, त्यात कमीपणा मानू नका. आणखी हवं असेल तर कटवडा आहे.

मंदिर, भवानी मंडप आणि महाद्वार रोड मिसळीनंतर लगेच करून टाका. दर्शनाची रांग सकाळी त्यातल्या त्यात लहान असते. सुट्टीच्या दिवशी मुखदर्शन घेऊन पुढे निघणं शहाणपणाचं.

तांबडा-पांढरा कधी खावा

सामना दुपारी असेल तर मटणाचं ताट रात्रीसाठी राखून ठेवा. पोटभर मटणभाकरी खाऊन उन्हात दगडी पायऱ्यांवर चार तास बसणं कठीण. दुपारी झुणका-भाकर, वांग्याची भाजी, ताक एवढं पुरे. सामन्याच्या आधी-नंतर खासबागेतली राजाभाऊंची भेळ आहेच.

रात्री मात्र निवांत बसा. तांबडा रस्सा कांदा-लसूण चटणीवर उभा असतो. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि मिरे-लवंग-वेलची घालून होतो. दोन्ही भाकरीशी खायचे आणि अधूनमधून वाटीनेच प्यायचे. बाहेरच्या शहरांत ‘कोल्हापुरी’ नावाखाली जी लाल तेलकट भाजी मिळते, तिच्यामुळे लोकांना वाटतं की इथलं जेवण म्हणजे नुसता जाळ. घोटभर तांबडा, त्यावर घोटभर पांढरा असं जेवून पाहा. तिखटाचा चटका पांढरा शांत करतो, आणि ताट असं का मांडलं आहे ते जिभेला कळतं. रस्सा संपला की वाढपी पुन्हा विचारतो. पहिल्या वाढपातच वाट्या भरून घेण्याची घाई नको.

पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, देहाती, परख ही नावं बाहेरच्यांना माहीत असतात आणि तिथे चांगलं जेवण मिळतं. त्याबरोबर एक जेवण एखाद्या घरगुती खानावळीत घ्या. रिक्षावाल्याला ‘मामा, तुम्ही स्वतः कुठं जेवता?’ असं विचारा, पत्ता बरोबर मिळतो. रविवार हा मटणाचा वार, तेव्हा गर्दी धरून चला. शाकाहारी माणसाचीही उपासमार होत नाही. अख्खा मसूर, पिठलं, भरलं वांगं आणि खर्डा बहुतेक ठिकाणी मिळतो.

जेवणानंतर कोल्हापूरकर कॉकटेल खायला बाहेर पडतो. फळांचे तुकडे, आइस्क्रीम आणि सुका मेवा एका ग्लासात. रंकाळ्याच्या वाऱ्यावर चक्कर मारायची तीच वेळ.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटरवर आहे आणि अर्ध्या दिवसात नीट पाहून होतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे मराठा किल्ले गेले, त्यांत पन्हाळा आहे. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी एवढं तरी पाहाच. अंबरखान्याच्या धान्यकोठारांसमोर उभं राहिलं की १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा गड कसा सोसू शकला ते समजतं. त्याच वेढ्यातून शिवाजी महाराज पावसाळी रात्री विशाळगडाकडे निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. जोतिबाचा डोंगर याच बाजूला आहे, दोन्ही एका फेरीत जमतात.

पूर्वेकडे जायचं असेल तर नृसिंहवाडी आणि खिद्रापूर जोडून करा. वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन, मग बासुंदी आणि कवठाची बर्फी. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप दुपारी पाहावा, वरच्या गोल मोकळ्या जागेतून खाली ऊन उतरतं तेव्हा. यासाठी अख्खा दिवस ठेवा आणि त्याच दिवशी सामना पाहण्याचा हट्ट धरू नका.

शहरातच राहायचं असेल तर न्यू पॅलेस पाहा. मेजर मँट यांनी आखलेली ही वास्तू १८८४ मध्ये पुरी झाली. इथल्या संग्रहालयात फिरलं की ज्या माणसाने खासबाग बांधली त्याची ओळख पटत जाते.

थंडीत आला असाल तर शहराबाहेरच्या एखाद्या गुऱ्हाळावर नक्की जा. चुलवाणावर काहील उकळत असते आणि गूळ कधी उतरवायचा हे गुळव्या रसाच्या उकळीवरून ठरवतो. आदराने विचारलंत तर ताजी काकवी चाखायला मिळते.

काय घेऊन जावं

गूळ घ्या तो रंगाला भुलून नको. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसला तर तो कशाने उजळला आहे ते विचारा. गडद रंगाचा गूळ घरच्या वापराला चांगला. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तसंच चपलेलाही.

चप्पल घेताना तळ उलटून पाहा. खरी कोल्हापुरी खिळ्यांनी ठोकलेली नसते, चामड्याच्या वादीने शिवलेली असते. नवी चप्पल घालून लगेच पन्हाळा चढू नका, पाय सोलवटेल. आधी तेल लावून घरात चार दिवस वापरा आणि पाण्यापासून जपा. भाव करताना हात आखडता घ्या. एका जोडामागे चामडं कमावणाऱ्यापासून शिवणाऱ्यापर्यंत किती जणांची मेहनत आहे, याची जाणीव ठेवा. हाताने केलेल्या चपलेला यंत्रावरच्या चपलेचा भाव लावू नये.

जाता जाता

शहर मोठं होतंय, पण तालीम चालवणं अवघड होत चाललंय. एका पैलवानाच्या दूध-बदाम-तुपाचा खर्च खेड्यातल्या शेतकरी बापाला झेपत नाही. पोरगं मैदानं मारून, बक्षिसं गोळा करून कसाबसा खुराक चालवतं. नेमबाजीत तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ही सगळी याच जिल्ह्याची मुलं. त्यांच्यामागेही घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन केलेला खर्च आहे.

तेव्हा पाहुणा म्हणून येताना एवढं करा. मैदानाचं तिकीट असेल तर रीतसर काढा, ओळखीने फुकट आत शिरू नका. दुपारी वेळेवर येऊन बारक्या पोरांच्या कुस्त्यांपासून बसा. ज्याचं नाव उद्याच्या पेपरात छापून येणार नाही असा एखादा पोरगा चांगला लढला, तर तो फेरी मारत तुमच्या पायरीखाली येईल तेव्हा त्याच्या हातावर नोट ठेवा आणि त्याचं गाव विचारा. पुढच्या हंगामात त्याच गावच्या जत्रेला या.